लाइट रोस्ट आंबट, डार्क रोस्ट कडू: बीन्स कोणत्या घ्याव्यात आणि कृती कशी बदलावी?

कोथरूडचा_काका

नमस्कार मंडळी. भाच्याने प्लास्टिकचा व्ही-६० (कागदी गाळणी बसवून कॉफी गाळायचा शंकू, म्हणजे ड्रिपर) आणि हाताने फिरवायचा ग्राइंडर दिला, तेव्हापासून घरातली इन्स्टंट बंद आहे. सध्या दोन पाकिटं उघडी आहेत. एक चिकमगळूरकडच्या इस्टेटची लाइट रोस्ट, म्हणजे कमी भाजलेली. पाकिटावर संत्रं, जर्दाळू, मध असं बरंच काही छापलंय, मला त्यात फक्त लिंबू सापडतं आणि तेही पाणचट. दुसरं डार्क रोस्ट, म्हणजे जास्त भाजलेली. त्यावर चॉकलेट आणि भाजलेले बदाम लिहिलेत, कपात मात्र जळका कडवटपणा उतरतो आणि तासभर जिभेवर बसून राहतो.

कृती दोन्हीला एकच. १५ ग्रॅम पूड, २४० ग्रॅम उकळतं पाणी, ग्राइंडर मधोमध लावलेला. वजनकाटा आहे, थर्मामीटर नाही. पाणी आरओचं. मी कोरी पितो. सौ. आणि आई दुधाची, आईला वरून जायफळ लागतं.

बीन्स निवडताना काय बघायचं? पाव किलोला पाचशे-सहाशेपर्यंत तयारी आहे. आणि रोस्ट बदलला की कृतीत नेमकं काय बदलायचं? व्हिडिओवाले प्रत्येक जण वेगळंच सांगतात. जाणकारांनी मनावर घ्यावं.

उलटा_चष्मा

काका, दोन्ही पाकिटं बहुधा चांगलीच असतील, टाकू नका.

भाजताना बीमधलं पाणी उडतं, बी फुगते आणि आतून सच्छिद्र होत जाते. साधारण १९६ अंशांच्या आसपास पहिल्यांदा तडतडते, त्याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. लाइट रोस्ट त्यानंतर थोड्याच वेळात उतरवतात, म्हणून ती टणक राहते. तुमच्या ग्राइंडरचा दांडाच सांगेल: लाइट दळताना मनगट भरून येतं, डार्क भुसभुशीत लागते. २२४ अंशांच्या आसपास दुसऱ्यांदा तडतडते. तिथवर नेलेली बी ठिसूळ होते आणि तेल वर येऊन चकाकायला लागते. टणक बीमधून चव काढायला पाण्याला कष्ट पडतात, ठिसूळ बी सगळं भराभर देऊन टाकते. उतरण्याचा क्रम साधारण असा: आम्लं आधी, गोडवा त्यामागून, कडवट आणि तुरट सगळ्यात शेवटी. तुमच्या एकाच कृतीत लाइट निम्म्यावर थांबतेय आणि डार्क हद्दीपलीकडे जातेय.

तेव्हा लाइटला बारीक दळा. माप रव्याचं धरा. बारीक रव्यापेक्षा किंचित जाड. किटली उकळली की लगेच ओता, थांबू नका. पुण्यात उंचीमुळे पाणी ९८च्या आसपासच उकळतं, तेव्हा जास्त गरम होईल ही भीतीच नको. १५ ग्रॅमला २५० पाणी. आधी ४५ ग्रॅम ओतून ४० सेकंद फुलू द्या, उरलेलं तीन-चार हप्त्यांत. एकूण तीन मिनिटांच्या अलीकडेपलीकडे संपलं पाहिजे.

डार्कला जाड रवा. उकळी आल्यावर झाकण काढून दोनेक मिनिटं थांबा. १५ ग्रॅमला २१०-२२० पाणी, फुलवल्यावर एक-दोन हप्त्यांतच ओता, सव्वादोन मिनिटांत आटपा. ढवळायचं नाही, ड्रिपर गोल फिरवायचा नाही. शेवटचं पाणी गाळात रेंगाळलं तर तो जळका कडवटपणा तिथूनच येतो. ते कपात पडायच्या आत ड्रिपर उचलला तरी चालतं.

थंडीतली_मनी

ऑस्लोहून लिहितेय. इथे सगळीकडे लाइटच मिळते, त्यामुळे हात त्यावरच बसलाय. वरचं सगळं बरोबर, एकच आक्षेप. तापमान, प्रमाण, हप्ते, दळण असं सगळं एकदम बदलू नका, कशामुळे काय झालं ते कळणारच नाही. पहिले काही कप फक्त दळण हलवा. आंबट आणि पाणचट, तर ग्राइंडरची चकती एक-दोन क्लिक (खाचा) बारीक. कडू आणि तोंड कोरडं पडतंय, तर एक-दोन क्लिक जाड. बारीक करत गेलात की एका टप्प्यावर कॉफी परत तुरट व्हायला लागेल. तिथून एक क्लिक मागे या, ती त्या पाकिटाची जागा. क्लिकचा आकडा पाकिटावर पेनने लिहून ठेवा.

डार्कचं पाणी निववणं मी सगळ्यात शेवटी करते. निम्म्या वेळा नुसतं जाड दळून काम भागतं.

आंबट म्हणजे वाईट नव्हे, हेही. नीट उतरलेल्या लाइट कॉफीत आंबटपणा असतोच, पण त्याच्या मागोमाग गोड लागतं. मागून काहीच येत नाही, तेव्हा समजायचं की अर्धवट उतरली. आणि कप जरा निवू द्या. चटका बसेल इतक्या गरम कॉफीत जर्दाळू कुणालाच सापडत नाही.

उलटा_चष्मा

@थंडीतली_मनी, एका वेळी एक, शंभर टक्के मान्य. पण आपल्याकडे पाकिटावर 'डार्क' लिहिलं की ती बऱ्याचदा काळीकुट्ट असते. तिला मी उकळतं पाणी दाखवणार नाही.

पाणीपट्टी

आरओकडे कोणी बघितलंच नाही. काकांचं लाइट पाणचट लागायचं एक कारण तिथे आहे. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम चव ओढून काढायला मदत करतं. घरगुती आरओतून बऱ्याचदा ५०च्या खाली टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) येतो, कधी २०-३०. कॉफीवाल्यांच्या संघटनेची शिफारस १५०च्या आसपासची आहे. टीडीएसचं पेन स्वस्तात मिळतं, घ्या. मग पालिकेचं साधं गाळलेलं पाणी आणि आरओ निम्मंनिम्मं करून बघा.

सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर मात्र गणित उलटं. जड पाण्यातला क्षार आम्लं मारून टाकतो आणि तुमची महागडी लाइट रोस्ट मिळमिळीत होते. डार्कला तेच पाणी थोडंफार खपून जातं. किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर लाइटवर पैसे घालायच्या आधी पाण्याचं बघा.

माटुंगा_पूर्व

सगळे काकांच्या कपावर तुटून पडलेत, सौ. आणि आईंचं काय?

दुधाच्या कॉफीसाठी व्ही-६० विसरा. एवढी पातळ कॉफी दुधात हरवते, आणि दूध जरा जुनं असेल तर लाइट रोस्टच्या आंबटपणाने फाटतंसुद्धा. स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर घ्या (एकावर एक दोन भांडी, वरच्याच्या तळाला भोकं), आयुष्यभर टिकतो. २० ग्रॅम पूड, चकती अलगद ठेवायची, दाबायची नाही, वरून १०० मिलि उकळतं पाणी, झाकण, आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. खाली जे उतरेल ते दोन जणांना पुरतं. दूध वेगळं तापवून त्यात घालायचं, काढा परत उकळायचा नाही.

पूड मिडियम-डार्क. आमच्या माटुंग्याला मैसूर कन्सर्न्समध्ये समोर दळून देतात, चिकोरी किती टक्के ते आपण सांगायचं. घरी येईपर्यंत पिशवीसकट लोकलचा डबा घमघमतो. अशा दुकानांतल्या पाट्या वाचायला शिका. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. आपल्या कॉफीच्या व्यापारात 'प्लँटेशन' म्हणजे धुऊन वाळवलेली अरेबिका. 'पार्चमेंट' म्हटलं की धुतलेली रोबस्टा. 'चेरी' म्हणजे फळासकट उन्हात वाळवलेली, दोन्हींपैकी कुठलीही. पुढचं ए, बी, डबल ए ही दाण्याच्या आकाराची प्रत आहे, चवीची नव्हे. पीबेरी म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल दाणा धरलेला. दुधासाठी माझी पसंती प्लँटेशन ए आणि पीबेरी निम्मी निम्मी, वर २० टक्के चिकोरी. दाटपणा हवा तर थोडी रोबस्टा पार्चमेंट.

चिकोरीला नाकं मुरडणारे इथे येतीलच. मुळाची भाजलेली पूड आहे ती, गुजरातेत पिकते, काढ्याला रंग आणि अंग देते. फक्त पाकीट उलटून वाचा. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असली पाहिजे असा नियम आहे, म्हणजे ४९ टक्के चिकोरीही कायद्यात बसते. आणि जायफळ घालणार असाल तर चिकोरी १०-१५वर ठेवा, नाहीतर जायफळाचा वास बुडतो. जायफळ कपात किसायचं, दुधात उकळलं की कडसर होतं.

वऱ्हाडी_ठेचा

चिकोरीला नाक मुरडायला आलो होतो, पण जायफळाचं वाचून गप बसलो.

बीन्सबद्दल. पाकिटावर '१०० टक्के अरेबिका' मोठ्या अक्षरात आणि भाजल्याची तारीख कुठेच नाही, असं पाकीट घेऊच नका. पॅकिंगची तारीख वेगळी आणि रोस्टची वेगळी. लाइट रोस्ट भाजल्यावर दोनेक आठवडे मुरू द्यावी, आत अडकलेला वायू निघून गेला की पाणी नीट शिरतं. डार्क सच्छिद्र असते, पाच-सात दिवसांत तयार, आणि तितकीच लवकर शिळी. म्हणून लाइट पाव किलो घेतली तरी चालते, डार्क थोडी थोडी घ्यावी.

काका, तुम्ही दोन टोकांची पाकिटं घेतलीत, मधलं घेऊन बघा. अट्टिकन इस्टेट, बिळिगिरीरंगन डोंगरातली, ब्लू टोकाई कंपनीवाले मिडियम-डार्क भाजतात. कोरीही चालते आणि घरच्यांनी दूध घातलं तरी उभी राहते. नागपूरचे कॉरिडॉर सेव्हन आणि मुंबईचे सुबको यांच्याकडे मिडियममध्ये निवड भरपूर आहे. वाणांत एस-७९५ दिसली की बिनधास्त घ्या. केंट नावाच्या अरेबिका वाणाच्या वंशातला जुना भारतीय वाण, आंबटपणा बेताचा. सिलेक्शन ९मध्ये इथिओपियाच्या झाडाचा अंश आहे, ती जास्त फळाळ. लाइटची हौस असेल तर ती.

कोऱ्या कॉफीतला आंबटपणा अजिबातच सोसत नसेल तर मान्सून्ड मलबार. पावसाळ्यात मलबार किनाऱ्यावरच्या गोदामांत, दमट वाऱ्यावर बिया पसरून ठेवतात. फुगून पिवळट होतात, आम्ल जवळजवळ जातं. कुणाला तो वास कोंदट वाटतो. मला आवडतो, बायकोला नाही, त्यामुळे पाकीट पूर्ण माझ्या वाट्याला येतं.

'ॲनारोबिक', 'कार्बोनिक' वगैरे लिहिलेली पाकिटं तूर्त बाजूला ठेवा. फळ मुद्दाम बंद टाकीत आंबवलेलं असतं, मद्यासारखा वास येतो, किंमतही तुमच्या बजेटबाहेर. त्यात रत्नागिरी इस्टेट नाव दिसलं म्हणून कोकणप्रेमाने उचलू नका, ती कुर्गातली आहे. महाराष्ट्रातली कॉफी प्यायचीच तर आमच्याकडे या, चिखलदऱ्याला होते. रोस्टची तारीख वगैरे विचारू नका, सहल म्हणून घ्या.

कोथरूडचा_काका

मंडळी, एवढं भरभरून लिहाल असं वाटलं नव्हतं. आज लाइट चार क्लिक बारीक केली. लिंबू आहे, पण मागून काहीतरी गोडसर येतंय हे खरं. डार्क उद्या.

दोन उपप्रश्न. मोका पॉट (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं भांडं) घ्यावा का? आणि पुढे पावसाळा येतोय, बीन्स कुठे ठेवायच्या? मागच्या जुलैत पापडसुद्धा मऊ पडले होते.

उलटा_चष्मा

मोका पॉट दुधासाठी छान, आणि मिडियम-डार्कसाठीच. लाइट त्यात चिडकी आंबट होते. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी घाला, पूड दाबू नका, बारीक गॅस, फुसफुस सुरू झाली की लगेच उतरवून तळाला गार पाणी लावा. पण स्टीलचा फिल्टर घेणार असाल तर मोका पॉटची वेगळी गरज नाही.

डार्क पाकीट संपत नसेल तर फ्रेंच प्रेसमध्ये (जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं) घाला. जाड दळण, चार मिनिटं, कागद नसल्यामुळे तेल कपात येतं आणि कडूपणाची धार कमी लागते.

थंडीतली_मनी

बीन्स फ्रिजमध्ये नको, फ्रीझरमध्ये. पाकीट आणल्याच दिवशी आठवड्याच्या पुड्या करा, हवा काढून झिपच्या पिशवीत, वर एक बंद डबा. एक पुडी काढली की ती सामान्य तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर बाहेरची दमट हवा आत बियांवर पाणी धरते. उघडलेली परत आत ठेवायची नाही. ओट्यावरचा डबा गॅसपासून लांब, काचेचा नको, प्रकाश लागतो.

माटुंगा_पूर्व

आणि मसाल्याच्या कपाटात तर मुळीच नको. डार्क रोस्टचं तेल हिंगाचा वास चटकन ओढून घेतं.

कोथरूडचा_काका

@माटुंगा_पूर्व, फिल्टर ऑर्डर केला. आई विचारतेय, दोन कपांचा घ्यायचा की चार?

माटुंगा_पूर्व

चारचा. पण पूड फार कमी भरायची नाही. कमी भरली तर पाणी सरळ खाली पळतं.