जुने कपडे ऑनलाइन विकायचे तर आधी कापड बघावं की ब्रँड?

पारखी

वापरलेले कपडे घेऊन ऑनलाइन विकणाऱ्यांना पहिला सल्ला कायम एकच मिळतो: 'ब्रँड बघा, बाकी डोकं लावू नका.' मला तो पटत नाही, म्हणून हा धागा. माझं म्हणणं असं की ढिगात हात घातला की आधी कापड, मग शिवण, मग कापडाची माहिती देणारी आतली पट्टी आणि सगळ्यात शेवटी गळ्यावरचं नाव.

एकाच नावाखाली आता चार दर्जांचा माल असतो. राल्फ लॉरेनचंच घ्या. 'पर्पल लेबल' वेगळं, 'आरआरएल' वेगळं, 'पोलो' वेगळं आणि 'चॅप्स' अगदीच खालच्या पायरीवरचं. ब्रूक्स ब्रदर्सच्या अलीकडच्या शर्टवर '३४६' दिसलं तर तो बहुतेक आउटलेटसाठीच, म्हणजे कंपनीच्या सवलतीच्या दुकानांसाठीच बनलेला असतो. लेव्हाइजचं 'सिग्नेचर' हे सवलतीच्या मोठ्या दुकानांसाठी काढलेलं स्वस्त भावंड. नवखा माणूस ओळखीचं नाव वाचून हुरळतो, पाच-सात नग उचलतो आणि मग महिनोन्‌महिने माल पडून राहतो. नाव मोठं, लक्षण खोटं.

कापडाचं तसं नाही. शंभर टक्के कश्मिरी लोकर, मेरिनो (मेंढीची तलम लोकर), लिनन, जड रेशीम हे बोटांना कळतं. थोडा सराव झाला की पट्टी न वाचताही हात अडतो. बाहेरून लोकरीसारखा दिसणारा, पण निम्म्याहून जास्त ॲक्रिलिक असलेला स्वेटर नाव कितीही मोठं असो, काखेत आणि कुशीला लवकर गोळे धरतो. तो मी ठेवून देतो. कुणाला वेगळं वाटत असेल तर ऐकायला आवडेल.

धंदेवाईक

वेगळंच वाटतं. तुमच्या सगळ्या लेखात गिऱ्हाईक कुठं आहे?

कापड तुमच्या हाताला कळतं, मान्य. घेणाऱ्याच्या हातात काय असतं? फोन. फोटोतून कश्मिरी आणि बरं ॲक्रिलिक सारखंच दिसतं. तो शोधायच्या चौकटीत काय लिहितो ते बघा. कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, माप. 'पॅटागोनिया सिंचिला स्नॅप-टी', 'लेव्हाइज ५०१', 'बार्बर बिडेल'. 'सुबक विणीचा उबदार स्वेटर' असं कुणीही लिहीत नाही. बिननावाचा कश्मिरी स्वेटर कितीही मऊ असला तरी शोधात वर येणारच नाही, मग विकणार कसा?

आणि दर्जांचं म्हणाल तर ते ब्रँडच्या विरोधात नाही, बाजूनेच जातं. 'पोलो' आणि 'चॅप्स' यातला फरक ज्याला कळतो त्याला ब्रँड कळतो. नवख्याला कळत नाही हा नवख्याचा दोष, पद्धतीचा नाही.

रफूवाली

दोघांचंही वाचलं. दोघंही कपडा नवा असल्यासारखे बोलताय. अहो, विषय जुन्या कपड्यांचा आहे! ब्रँडही असतो, कापडही उत्तम असतं आणि कपडा तरी कचऱ्यात जमा होण्याच्या लायकीचा असतो. माझ्या मते पहिला निकष अवस्था. ती न बघता बाकी काहीही बघण्यात अर्थ नाही.

लोकर असेल तर आधी उजेडासमोर धरा. कसर लागलेली असेल तर टाचणीच्या टोकाएवढी भोकं चमकतात. ट्यूबलाइटखाली टेबलावर पसरून ती दिसत नाहीत, कारण मागचा थर त्यांना झाकतो. एक भोक असेल तर रफू होतं. दोन-तीन दिसली म्हणजे न दिसलेली अजून असणार, शिवाय अळ्या बाकीच्या मालात शिरण्याची भीती. असा कपडा घेतलाच तर पिशवीत बंद करून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय कपाटात टाकू नका.

पावसाच्या जॅकेटांना लोक सगळ्यात जास्त फसतात. बाहेरून कोरं करकरीत दिसतं. टोपीची आतली बाजू दोन बोटांत धरून चोळा. चिकट लागलं किंवा पांढरट पापुद्रा सुटला तर आतला पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने विरघळायला लागलाय. शिवणींवरच्या पट्ट्या उचकटल्यात का तेही बघा. पट्ट्या पुन्हा चिकटवता येतात, लेप गेला की गेला. किती नामांकित कंपनीचं आहे याने काडीचा फरक पडत नाही.

ताणणाऱ्या जीन्समध्ये मांडीजवळ आणि गुडघ्यामागे कापड ताणून बघा. बारीक पांढरे केस बाहेर आलेले दिसले तर इलॅस्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा धागा, तुटलंय, ती पँट आता फक्त सैल होत जाणार. रेशमाच्या काखा बघा, घामाने तिथलं कापड कुजतं आणि हलक्या ओढीने फाटतं. आणि वास! डांबरगोळीचा वास हवेवर टाकून हळूहळू उतरतो, सिगरेटचा बऱ्याचदा अस्तरात मुरलेला असतो. फोटोत वास येत नाही, पाकीट उघडल्यावर मात्र येतो आणि मग कपडा परत.

त्रैराशिक

रफूवालीताईंना अनुमोदन, पण अवस्था ही चाळणी झाली. चाळणीतून उतरलेल्यांतलं काय उचलायचं हा प्रश्न राहतोच, आणि त्याचं उत्तर ना कापड ना ब्रँड. उत्तर आहे 'विकलं जातंय का'.

लोक मागितलेली किंमत बघून हुरळतात. मागायला काय, कुणी काहीही मागेल. ईबे या विक्रीच्या ऑनलाइन मंचावर विकल्या गेलेल्या वस्तूंची गाळणी आहे, ती गेल्या ९० दिवसांचे सौदे दाखवते. त्यात तीच वस्तू, तेच माप, तशीच अवस्था शोधा. मग सध्या विक्रीला असलेले नग मोजा. समजा सध्या २०० आहेत आणि ९० दिवसांत २० विकले गेले. म्हणजे त्याच वेगाने बाजारातला आहे तो माल संपायलाच अडीच वर्षं लागतील, आणि तुम्ही रांगेत २०१ वे. दुसरीकडे ३० विक्रीला आणि ४५ विकले गेलेले असतील तर नाव कधी ऐकलं नसलं तरी उचला.

मग खर्च. मंचाचं कमिशन, पाठवण्याचा खर्च, पाकीट, धुलाई, परत येणाऱ्या मालाचा भुर्दंड. लोकरीचा लांब कोट आणि रेशमी स्कार्फ सारख्याच किमतीला गेले तरी कोटाचं वजन नफा खातं. शिवाय कोट धुवायचा, वाळवायचा, टांगायचा, फोटोसाठी पुतळ्यावर चढवायचा. स्कार्फ दहा मिनिटांत निघतो. हातात किती सुटलं यापेक्षा तासाला किती सुटलं हे बघा. पारखी, तुमच्या बोटांच्या सरावाचे तास कुणी धरायचे?

पारखी

त्रैराशिक, ते तास एकदाच लागतात, पुढे फुकट कामाला येतात. तुमचा हिशेब मी दर कपड्याला नव्याने करत बसलो तर ढिगाशेजारी संध्याकाळ होईल. हाताने आधी शंभरातले नव्वद बाजूला करायचे आणि उरलेल्या दहांसाठी फोन काढायचा. हिशेबाला विरोध नाही, क्रमाला आहे.

धंदेवाईक, तुम्ही दिलेली तिन्ही नावं ज्याला त्याला पाठ आहेत, आणि गोम तिथेच आहे. स्नॅप-टी ढिगात दिसला की चार हात एकदम पडतात, कारण फोनने फोटो काढून किंमत बघणं आता कुणालाही जमतं. बरीचशी दुकानंही ती नावं ओळखून आधीच वेगळी काढतात आणि भाव चढवून लावतात. मग तुम्हाला राहतं काय? बिननावाचं मेरिनो मात्र कपड्यांच्या भावात नाही, ढिगाच्या भावात मिळतं. आणि शोधात येत नाही हे खरं नाही. अनेक मंचांवर कापडाच्या प्रकारानुसार गाळणी लावता येते. ॲलर्जीमुळे कृत्रिम धागा टाळणारे, लिननशिवाय काही न घालणारे असे लोक आधी कापड शोधतात, मग नाव.

जुनंतेसोनं

तुम्ही सगळे नवीन-जुन्याबद्दल बोलताय, खरं जुनं कुणी काढलंच नाही. तिथे कपड्याचं वय हाच ब्रँड.

लेव्हाइजच्या मागच्या खिशावर लाल पट्टी असते. १९७१ पर्यंत तिच्यावरचं नाव सगळं मोठ्या अक्षरांत होतं, नंतर मधलं 'ई' हे अक्षर लहान झालं. जाणकार तेवढ्यासाठी खिसे उलटे करून बघतात. लोकरीच्या कपड्यावर वूलमार्कचं गुंडाळीसारखं चिन्ह असेल तर तो १९६४ च्या आधीचा नाही, कारण चिन्हच त्या वर्षी आलं. 'पश्चिम जर्मनीत बनवलेलं' असं छापलेलं असेल तर १९९० च्या आधीचं. बाही आणि तळाच्या दुमडीवर एकेरी शिवण असलेले छापील टी-शर्ट साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंतचे. या खुणा पाठ असल्या की कापडही बघायला नको आणि नावही.

शंकासुर

जुनंतेसोनं काका, जपून. यातल्या निम्म्या खुणा कुणीही पुन्हा शिवू शकतं, आणि शिवतातही. एकेरी शिवणीचे नवे टी-शर्ट मुद्दाम बनवले जातात. मोठ्या 'ई'ची पट्टी तर लेव्हाइज स्वतःच आपल्या जुन्या नमुन्यांच्या मालिकेत लावते, त्यात फसवणूकही नाही. एका खुणेवर वय ठरवायचं नसतं. अमेरिकेत विकलेल्या कपड्यांवर धुण्याच्या सूचनांची कायमची पट्टी १९७२ पासून बंधनकारक झाली. तेव्हा मोठा 'ई' आहे आणि आत धुण्याच्या खुणांची लांबलचक पट्टीही आहे, तर ताबडतोब शंका घ्या.

आणखी एक भ्रम. पट्टीवरचा आरएन क्रमांक म्हणजे कपड्याचं साल, असं कितीजण ठामपणे सांगतात. तो अमेरिकेत कंपनीला मिळालेला नोंदणी क्रमांक आहे. तीच कंपनी तोच क्रमांक कित्येक दशकं वापरते. त्यावरून कंपनी शोधता येते, कपड्याचं वय नाही.

धंदेवाईकांनाही एक. ब्रँडच्या मागे लागलात की नकली माल वाट्याला येणारच. चामड्याची पर्स, महागडा मफलर, खेळाडूंची जर्सी यांत शंका आली तर 'असली वाटते' असं लिहून हात झटकता येत नाहीत. नकली माल विकणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि मंच खातं बंद करतात ते वेगळंच. बिननावाच्या मेरिनोची नक्कल कुणी करत नाही, एवढं पारखींच्या बाजूने बोलतो.

काडीमास्तर

नफ्याचं चाललंय तर मध्ये कडू घोट घालतो. दानात आलेले कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानांतले चांगले कपडे तुम्ही उचलणार, दुप्पट-चौपट भावाला विकणार, आणि ज्याला खरंच स्वस्त कोट हवाय त्याने काय करायचं? 'कसा निवडावा' यावर एवढा खल, 'निवडावा का' यावर एकही ओळ नाही.

रफूवाली

काडीमास्तर, प्रश्न रास्त आहे, पण सरसकट नाही. दान आलेल्या कपड्यांतला मोठा भाग दुकानात विकलाच जात नाही, गठ्ठे बांधून दुसऱ्या देशांत जातो किंवा चिंध्या होतो. त्यातलं रेशमी जाकीट मी उचललं तर कुणाच्या अंगावरचं ओढलं असं मला वाटत नाही.

तंगी असते ती ठरावीक गोष्टींची. थंडीचे साधे दणकट कोट, मोठ्या मापाचे कपडे, मुलांचे बूट, मुलाखतीला घालण्याजोगे शर्ट-पँट. हे मी उचलत नाही. मोठ्या मापांना ऑनलाइन मागणी भरपूर असते हे माहीत असूनही नाही. नफ्याचे निकष लावता तसा हाही लावता येतो.

धंदेवाईक

मोठी मापं सोडून देणं मला परवडणार नाही, आणि खरं तर पटतही नाही. ज्या माणसाला गावातल्या दुकानात मापाचं काही मिळत नाही त्याला ऑनलाइन मिळतं ते आमच्यासारख्यांमुळेच. असो, तो वेगळा धागा होईल.

पारखी, एक सरळ प्रश्न. बिननावाच्या मेरिनो स्वेटरचं शीर्षक तुम्ही काय लिहिता?

पारखी

'पुरुषांचा स्वेटर, १०० टक्के मेरिनो, बारीक वीण, गोल गळा, गडद निळा, छाती ५४ सेंमी.' वर्णनात काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून तळापर्यंत आणि बाहीची लांबी, सगळं सपाट ठेवून मोजलेलं. आतल्या पट्टीचा फोटो दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे कुणाला माझ्या शब्दावर विसंबायला नको.

धंदेवाईक

म्हणजे नावाच्या जागी 'मेरिनो' बसवलंत. शेवटी शोधायचा शब्दच शोधलात ना? मी ते ढिगाशीच करतो, तुम्ही घरी येऊन करता.

त्रैराशिक

आणि विकायला किती दिवस लागतात ते दोघांनीही सांगितलेलं नाही.

रफूवाली

पारखी, माप देता ते उत्तम, पण 'पुरुषांचा' काढा. धुण्यात आटलेला मेरिनो बऱ्याचदा एक-दोन मापं लहान झालेला असतो, मग बायकाही घेतात. फक्त आटलाय असं स्पष्ट लिहा. पट्टीवर मोठं माप आणि छाती ४८ निघाली तर पट्टीचा फोटो नुसता टाकू नका, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. परत येणाऱ्या मालातला बराचसा याच गोंधळाचा असतो.