आजोबांच्या वेब्लीचं ब्लूइंग उडालंय, परत करून घ्यावं की राहू द्यावं?

मुठाकाठी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे आजोबांचं .३२ बोअरचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर आहे, मार्क फोर, ते मधून मोडून उघडतं तसलं. आजोबा जुन्नरकडे शेतीवर राहायचे तेव्हाचं. ते गेल्यावर रीतसर बाबांच्या नावावर परवाना झाला आणि आता बाबा कर्वेनगरला आमच्याकडेच असतात. चालतं व्यवस्थित, तो प्रश्न नाही. प्रश्न दिसण्याचा आहे. नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांना निळा रंग पार उडालाय, पांढरं लोखंड दिसतं, बाजूंना तपकिरी झाक आलीय आणि वरच्या पट्टीवर रुपयाएवढा एक तांबूस गोल डाग आहे तो तर दरवर्षी वाढतोय असं वाटतं.

मेव्हण्याच्या मित्राचं भोसरीला ब्लॅकोडायझिंगचं, म्हणजे लोखंडाला टाकीत बुडवून काळा रंग चढवायचं, युनिट आहे. मेव्हणे म्हणतात आण इकडे, बफ मारून टाकीत सोडू, संध्याकाळपर्यंत कोरं करकरीत करून देतो. बाबा म्हणतात आहे तसं राहू दे. मी मध्ये अडकलोय. दसऱ्याला पूजेत मांडतो तेव्हा त्याच्याकडे बघून वाईट वाटतं हो, आजोबा त्याला किती जपायचे ते मी बघितलंय, आणि आता आपल्या हातात आल्यावर त्याची अशी अवस्था. जाणकारांनी सांगावं, करावं का आणि केलं तर कुठल्या पद्धतीनं.

एमआयडीसी_जे_ब्लॉक

दादा, आधी एक गोष्ट, भोसरीला नेऊ नका. माझं स्वतःचं सरफेस ट्रीटमेंटचंच काम आहे म्हणून सांगतोय.

पहिलं कायद्याचं. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्याराच्या दुरुस्तीलाही वेगळा परवाना लागतो, तो आमच्यासारख्या जॉबवर्कवाल्याकडे नसतो. म्हणजे बाबांनी ते कुणाच्या युनिटमध्ये ठेवून यायचं म्हटलं तर ते आणि युनिटवाला दोघंही गोत्यात. आणि कलम ८ मध्ये नंबर किंवा कुठलीही ओळखीची खूण खोडणं, बदलणं हा गुन्हा आहे. आता बफिंग व्हीलवर बसलेल्या पोराला काय माहीत कुठला नंबर महत्त्वाचा, तो चकाकी येईपर्यंत दाबणार आणि परवान्यावरचा नंबर अर्धा पुसला गेला की बाबा काय उत्तर देणार?

दुसरं प्रोसेसचं. आमच्याकडे माल आला की आधी ॲसिडमध्ये पिकलिंग होतं, गंज काढायला. बोल्टला ठीक आहे. पण कडक केलेल्या स्प्रिंगला ॲसिड लागलं की हायड्रोजन पोलादात शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होते, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस तुटते. वेब्लीमध्ये व्ही आकाराची मेन स्प्रिंग असते, ती आज कुठून आणणार? मग कॉस्टिक आणि नायट्रेटच्या टाकीत साधारण १४० डिग्रीला बुडवायचं. सगळे भाग सुटे केले नाहीत तर ते क्षार फटीत अडकतात आणि नंतर महिनोन्महिने पांढरे फुटून बाहेर येतात, आतून गंजवतात.

आणि मुख्य मुद्दा लोक विसरतात, हा जो निळा-काळा थर आहे ना तो म्हणजे मॅग्नेटाइट, लोखंडाचाच काळा ऑक्साइड, जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. तो एकटा गंज थांबवत नाही, त्याच्यात मुरलेलं तेल थांबवतं. आमच्याकडचा ब्लॅकोडायझिंग केलेला बोल्ट तेलाशिवाय शेडमध्ये ठेवला तर जुलैत लाल होतो. म्हणजे रंग परत चढवला म्हणून हत्यार सुरक्षित झालं असं काही नाही, तेल आज जेवढं लागतं तेवढंच उद्याही लागणार.

जुनं_पोलाद

वरच्यांनी नेमकं सांगितलंय. मी त्यात दिसण्याबद्दल भर घालतो कारण तुमचं दुखणं तिथं आहे आणि ते मला समजतं.

रंग उडणं आणि गंजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळीचं तोंड आणि सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडल्यात ते चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं आत-बाहेर करून, ती नुसती झीज आहे, तिथं लोखंड निरोगी आहे. बाजूची तपकिरी झाक म्हणजे जुना बसलेला ऑक्साइड, तेल राहिलं तर तोही पुढं सरकत नाही. काळजी फक्त लाल रंगाची करायची, बोटाला पावडर लागते त्याची. तो तुमचा गोल डाग मला त्यातला वाटतो.

आता पॉलिश का नको. हत्याराचं खरं रूप त्याच्या कडांमध्ये असतं. कंपनीत हातानं घासून धारदार ठेवलेल्या कडा, बारीक कोरलेली अक्षरं, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे हत्यारांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचे, मुकुटाचे शिक्के. बफ मारला की कडा गोलसर होतात, स्क्रूच्या भोवती खळगा पडतो, अक्षरं पसरट दिसायला लागतात. त्यावर कितीही काळाभोर रंग चढवा, बघणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं. आणि गेलेलं लोखंड परत येत नाही.

एक काम करा. बाबांना सांगा, रिकामं आहे ना ते सिलिंडर उघडून स्वतः बघून घ्या आणि मग दस्त्याचा स्क्रू काढून दस्ते बाजूला करा. त्याखालचा रंग बघा, तिथं हात पोचत नाही त्यामुळं कंपनीचं मूळ ब्लूइंग असेल तर तिथं दिसेल. आणि भिंगातून शिक्के बघा. मुकुटाखाली बीव्ही आणि एनपी असे वेगवेगळे शिक्के असतील तर ते १९५४ च्या आधीचं, एकत्र बीएनपी असेल तर नंतरचं. शिक्क्यांच्या कडा बोचऱ्या, स्वच्छ असतील तर आजवर कुणी पॉलिश केलेलं नाही असं धरून चाला. मग ठरवू.

शिरूरकर

माझं मत थोडं वेगळं आहे. सरसकट हात लावू नका म्हणणं मला पटत नाही. हत्यार वापरातलं असेल, शेतावर जात असेल, पावसात-घामात निघत असेल तर सगळीकडं उघडं लोखंड ठेवणं परवडत नाही. आमच्याकडं चुलत्यांच्या बाराबोअरची नळी पार खवल्यासारखी गंजलेली होती आणि त्याआधीच कुणीतरी सँडपेपर मारून ठेवलेला, तिथं जपण्यासारखं मूळ काही उरलंच नव्हतं. ती आम्ही परवाना असलेल्या गनस्मिथकडून रस्ट ब्लूइंग करून घेतली. त्यात मुद्दाम पातळ गंज आणतात, मग पाण्यात उकळतात, लाल गंज काळा होतो, तारेच्या मऊ ब्रशनं वरचा भुगा झाडतात आणि परत तेच, असे फेरे करत रंग गडद होत जातो. वेळ लागतो. पण दुनळीला तेच बरोबर, कारण दोन नळ्या मऊ डाकानं जोडलेल्या असतात आणि कॉस्टिकची गरम टाकी तो डाक खाऊन टाकते. काम सुरेख झालंय आणि टिकलंय.

तेव्हा आधीच बिघडलेलं असेल तर करावं, आणि करायचं तर माहितगारानंच.

आणि बाटलीतलं कोल्ड ब्लू मिळतं ते लावायच्या भानगडीत पडू नका. त्यात सेलेनियमचे विषारी क्षार असतात, ठिगळ लावल्यासारखं दिसतं आणि हाताळलं की लवकर निघून जातं.

जुनं_पोलाद

शिरूरकर, तुमच्या केसमध्ये मीही तेच सांगितलं असतं. मूळ काम गेलेलंच होतं. म्हणूनच म्हणतोय की यांनी आधी बघून घ्यावं.

मुठाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बाबांनी आणि मी मिळून उघडलं, म्हणजे त्यांनी उघडलं, मी टॉर्च धरला.

शिक्के भिंगाखाली अगदी स्वच्छ आहेत, मुकुट, त्याखाली बीव्ही, दुसरीकडे एनपी, मुकुटाची टोकंसुद्धा वेगवेगळी मोजता येतात. म्हणजे १९५४ च्या आधीचं, बाबांनाही हे माहीत नव्हतं. आणि दस्त्याखाली काय रंग आहे काय सांगू, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा गर्द, प्रकाश फिरवला की निळा होतो. बाबा बराच वेळ ते बघत बसले.

पण खालच्या अंगाला, जिथं दस्ता आणि लोखंड मिळतं तिथं लाल गंजाची एक सलग रेघ सापडली. बोट फिरवलं तर पावडर लागली. इतकी वर्षं आम्ही नळीच पुसत होतो, इथं कुणी बघितलंच नव्हतं. आणि त्या गोल डागाचाही उलगडा झाला, बाबा म्हणाले खंडेनवमीला कुंकवाचं बोट तिथंच टेकवतात, आजोबांपासून, त्याच जागी. वर झेंडूचं फूल, आपट्याची पानं, आणि ते सगळं दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत तसंच.

रंगकामाचा विचार सोडून दिलाय, मेव्हण्यांनाही वरचं सगळं वाचून दाखवलं, त्यांना नंबरचा मुद्दा लगेच पटला. आता ही रेघ आणि तो डाग याचं काय करू?

जुनं_पोलाद

वा, ऐकून फार बरं वाटलं. दस्त्याखालचा रंग तसा असेल तर ते हत्यार नशीबवान आहे, त्याला खरंच कुणी हात लावू नका.

दोन्ही जागी पातळ मशीन ऑइलचा थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग स्टील वूल घ्या, चार शून्यवाली, सगळ्यात बारीक नंबराची, भांड्यांची घासणी चालणार नाही. तेलातच अगदी हलक्या हातानं फिरवा, जोर बोटाचा, मनगटाचा नाही. लाल चिखल येईल तो कापडानं टिपा, परत तेल, परत हलकं. लाल यायचं थांबलं की तुम्हीही थांबा. खाली काळपट खूण राहील, छोटे खड्डेही दिसतील, ते घालवायच्या मागं लागू नका, ते मेलेले आहेत. चांगलं ब्लूइंग असलेल्या भागाला वूल लावायची नाही, तिथं नुसतं तेलाचं कापड.

मग सगळं कोरडं पुसून तेलाचा अगदी पातळ हात आणि दस्त्याखाली, जिथं रोज पोचता येत नाही तिथं, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स, म्हणजे बारीक कणांचं मेण. वॅक्स उडून जात नाही आणि हाताच्या घामाला तोंड देतं.

चामड्याच्या म्यानात ठेवत असाल तर ते आजपासून बंद. चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात असतात ती लोखंडाला बाधतात. कोरड्या सुती कापडात गुंडाळून लॉकरमध्ये, सोबत सिलिका जेल. निवडणुकीत हत्यार पोलिसांकडे जमा करायची वेळ आली, २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही वर्षात आल्या तशी, तर देताना तेल जरा सढळ लावा आणि म्यानाशिवाय द्या.

पूजेचं सोपं आहे. ओलं कुंकू ओल धरून ठेवतं आणि झेंडूच्या देठातून पाणी गळतं, दोन्ही लोखंडाच्या अंगावर नकोत. कोरड्या कापडावर मांडा, हळदकुंकू आणि फूल समोरच्या सुपारीला वाहा, अक्षता कोरड्या वाहिल्या तर चालतं. उचलून ठेवताना एकदा तेलाचं कापड फिरवा. पूजेत काही कमी होत नाही, आमच्याकडं तलवारींचीही अशीच होते.

एमआयडीसी_जे_ब्लॉक

एक राहिलं. इतकं उघडलंच आहे तर परवानाधारक गनस्मिथकडे बाबांनी स्वतः नेऊन बिजागरी आणि वरची कडी एकदा तपासून घ्यावी. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये नळी आणि बॉडी तिथंच धरलेली असते, तिथं खेळ आला तर ते वापरायचं नाही. रंगापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं.

जुनं_पोलाद

बरोबर. आणि दस्ते परत बसवताना स्क्रू ड्रायव्हर खाचेत घट्ट बसणारा घ्या, पातळ पात्याचा घेतला तर खाच फाटते. स्क्रू टेकला की थांबा, वर आवळू नका. जुने काळे दस्ते ठिसूळ झालेले असतात आणि स्क्रूच्या भोकापासूनच तडकतात.