शब्दचर्चा: प्रतिपिंडांचे 'नियंत्रण' की 'नियमन'?

फोंड्याची शिक्षिका: शाळेच्या मराठी भित्तिपत्रकासाठी मुले आतड्यातल्या सूक्ष्मजीवांवर लिहीत आहेत. आमच्याकडे पाचवीपासून विज्ञान इंग्रजीतून, त्यामुळे या संज्ञा ती मराठीत पहिल्यांदाच लिहितायत. 'टी पेशी प्रतिपिंडांचे नियंत्रण करतात' हे वाक्य बरोबर आहे का? एकाने प्रतिपिंडाऐवजी 'प्रतिजैविक' लिहिलेय.

म्हापसेकर: बाई, 'प्रतिजैविक' आधी खोडायला सांगा. ते म्हणजे अँटिबायोटिक, डॉक्टर देतात ते औषध. प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी, आपल्याच पेशींनी बनवलेले प्रथिन. आतड्यात तर दोघांचे काम फारच वेगळे. प्रतिजैविकाने तिथले उपयोगी जिवाणूही मरतात. आयजीए हे प्रतिपिंड सहसा कुणाला मारत नाही. ते जिवाणूंना चिकटते आणि श्लेष्माच्या, म्हणजे आतड्यातल्या चिकट स्रावाच्या, थरातच अडवते, अस्तरापर्यंत जाऊ देत नाही. काही जिवाणूंना तर त्याच्याच आधाराने तिथे ठाण मांडता येते.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी 'नियमन' लिहीन. 'नियंत्रण' म्हटले की आवर घालणे, कमी करणे एवढेच डोळ्यांपुढे येते. लहान आतड्याच्या भिंतीत पेयर्स पॅचेस, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचे पुंजके, असतात. योहान पेयर यांनी १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केले. टी आणि बी या दोन्ही रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी, त्यातल्या बी पेशींपासून प्रतिपिंडे बनतात. तिथे साहाय्यक टी पेशी बी पेशींना टिकून राहण्याचा इशारा देतात, आणि ज्या बी पेशीची जिवाणूवरची पकड चांगली तिला तो जास्त मिळतो. म्हणजे ही निवड आहे. इशारा सरसकट मिळू लागला तर निवडच उरत नाही. टी पेशींना आवरणारे पीडी-१ हे प्रथिन, म्हणजे त्यांचा लगामच, नसलेल्या उंदरांत हेच दिसले: साहाय्यक पेशी वाढल्या, पण आयजीएची जिवाणूंवरची पकड ढिली पडली आणि आतड्यातली जिवाणूंची वस्तीच बदलली. मदत वाढून काम बिघडले! हे 'नियंत्रण' या शब्दात मावत नाही.

मडगावची वाचक: सहमत. शिवाय 'नियामक टी पेशी' (प्रतिकारशक्तीला आपल्याच शरीरावर हल्ला करू न देणाऱ्या) हा शब्द आता ओळखीचा झालाय, २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांच्यावरच्या संशोधनाला मिळाले. नियामक आणि नियमन जोडीने शोभतात. 'प्रतिद्रव्य' हाही अँटिबॉडीसाठी वापरतात, पण एका पत्रकात एकच ठेवा, नाहीतर मुलांना वाटेल दोन पदार्थ आहेत.

फोंड्याची शिक्षिका: 'प्रतिपिंड' ठेवते. नवे वाक्य: 'कोणत्या बी पेशींनी टिकून प्रतिपिंडे बनवायची, याचे नियमन टी पेशी करतात.'

म्हापसेकर: हे छापा, बाई.