सातवीचा वर्ग: प्रश्न विचारला की सगळे गप्प (मदत हवी आहे)

गुलबक्षी:
सातवीला शिकवते. प्रश्न विचारला की तेच तीन हात वर येतात, बाकीचे वहीत डोकं घालून बसतात. एखाद्याने धीर करून उत्तर दिलं आणि ते चुकलं की मागून हशा पिकतो. मग ते मूल पुढचे पंधरा दिवस तोंड उघडत नाही. समजावून झालं, रागावून झालं, बरोबर उत्तराला टाळ्या वाजवून झाल्या. 'प्रेमाने वागा' हे कृपया सांगू नका. सोमवारी वर्गात जाऊन नेमकं काय करू?

रेघोटी:
विषय कोणता? मुलं किती? तास किती मिनिटांचा? बाकं हलतात का? आणि प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता? अंदाजाने नको, मोजून सांगा.

उंबरठा:
हात वर करणंच बंद करा. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका. आधी प्रश्न, मग पाच सेकंद शांतता, मग चिठ्ठी. नाव आधी घेतलंत तर बाकीचे सुटले, ते विचारच करत नाहीत. आणि काढलेली चिठ्ठी परत डब्यात टाकायची. बाहेर ठेवली की त्या मुलाच्या लेखी तास तिथेच संपतो.

पाटीपेन्सिल:
उंबरठा, जिथे चुकल्यावर हसतात तिथे चिठ्ठी काढणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला ढकलून देणं. या वयात मुलांना सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली याला 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटलं होतं. इथे तर प्रेक्षक खरेच हसताहेत.

आधी एक मिनिट प्रत्येकाने वहीत लिहायचं, मग दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं. त्यानंतर 'तुझं उत्तर काय?' असं न विचारता 'तुमच्या जोडीचं काय ठरलं?' असं विचारा. चूक एकट्याच्या अंगावर येत नाही. लिहिण्याचं मिनिट मात्र गाळू नका, नाहीतर जोडीतला हुशार बोलतो आणि दुसरा मान डोलावतो.

दौत:
वह्या तपासताना गुण आणि शेरा एकत्र देऊ नका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या प्रयोगात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही.

उंबरठा:
दौत, माहिती चांगली आहे, पण इथे वह्यांबद्दल कोणी विचारलेलं नाही.
पाटीपेन्सिल, जोड्या लावा, पण जोडी चिठ्ठीनेच निवडा. नाहीतर पुन्हा त्याच तीन जोड्या बोलतील.

गुलबक्षी:
गणित. अपूर्णांकांची बेरीज चालू आहे. ४८ मुलं, एका बाकावर दोघं, ३५ मिनिटं. बाकं हलत नाहीत. थांबते की मी पुरेशी, असं लिहिणार होते. आज मोजलं, दोन सेकंदसुद्धा होत नाहीत. आणि उत्तर चुकलं की त्याच मुलाला फळ्यावर बोलावते, तिथेच दुरुस्त होतं म्हणून.

रेघोटी:
हे आधी सांगायला हवं होतं. फळ्यावर बोलावणं सोमवारपासून बंद करा. चुकलं की सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, एवढंच मुलं त्यातून शिकतात.

दोन सेकंदांचं म्हणाल तर शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांत मोजलं तेव्हा शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबत होते. तीन सेकंदांवर गेल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प राहणं कमी झालं. थांबायचं दोनदा: प्रश्नानंतर आणि उत्तर आल्यावरही. लगेच 'बरोबर' म्हटलंत की बाकीच्यांचं डोकं बंद होतं.

सोमवारी असं करा. १/२ + १/३ द्या. प्रत्येकाने कागदाच्या चिटोऱ्यावर उत्तर लिहायचं, नाव नाही. गोळा करा आणि जोड्या बोलत असताना वेगळे काढा. बऱ्याच चिटोऱ्यांवर २/५ असेल: वरचे वर मिळवले, खालचे खाली. ते उत्तर फळ्यावर *तुमच्या* अक्षरात लिहा, चिटोरा दाखवू नका. मुलं एकमेकांचं अक्षर लगेच ओळखतात. मग विचारा, 'असं उत्तर काढणाऱ्याने काय विचार केला असेल?' ३० सेंटिमीटरची कागदी पट्टी घ्या. अर्धी १५, तिसरा हिस्सा १०, मिळून २५. आणि २/५ म्हणजे १२. मिळवल्यावर पट्टी अर्ध्याहून लहान कशी झाली? या प्रश्नावर वर्ग बोलतोच, कारण चूक कोणाचीच नसते.

मोरपीस:
एवढं करण्यापेक्षा जिगसॉ नावाची गटपद्धत लावा. मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये ती पद्धत मुलांमधल्या तेढीवरच काढली होती. प्रत्येकाकडे धड्याचा एकेक भाग, दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणाचंच पूर्ण होत नाही.

पाटीपेन्सिल:
इतिहासाला उत्तम. अपूर्णांकांत समच्छेद आल्याशिवाय बेरीज येत नाही, भाग सुटे करणार कसे? शिवाय बाकं हलत नाहीत. फार तर पुढच्या बाकावरच्या दोघांना मागे वळवून चौघांचे १२ गट होतील, पण एक मूल गैरहजर राहिलं की त्याचा भागच गायब.

मोरपीस:
गैरहजर मुलाचा भाग शेजारच्या गटाकडून ऐकायचा. पण अपूर्णांकांचं मान्य.

गुलबक्षी:
चिटोऱ्यांचं पटलं. पण हशा झाला तर त्या क्षणी काय बोलू? आणि त्या तीन हातांचं काय?

पाटीपेन्सिल:
'हसू नका, त्याला वाईट वाटेल' असं म्हणू नका. त्याने ते मूल बिचारं ठरतं. बोलणं थांबवा, जागेवर उभ्या राहा, हळू आवाजात एकच वाक्य: 'इथे उत्तरावर बोलायचं, माणसावर नाही.' आणि लगेच त्या उत्तराकडे वळा: 'यातली पहिली पायरी बघू.' हशा सुरू करणाऱ्याला वर्गात उभं करू नका, त्याला तेच हवं असतं. तास संपल्यावर एकट्याला गाठून दोन मिनिटं बोला.

रेघोटी:
तीन हातांना गप्प बसवू नका. त्यांना उत्तर न विचारता 'दुसरी रीत सापडते का?' किंवा 'हे उत्तर चूक असेल तर कसं ओळखशील?' हे वहीत लिहायला द्या. बाकीच्यांना लागणारा वेळ त्यातच मिळतो.

गुलबक्षी:
४८ चिटोरे आत्ताच कापून ठेवते. सोमवारी रात्री इथेच लिहीन.