जुना कोरल ब्युटी नव्या फ्लेम एंजलला टिकू देत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा मरीन टँक चार फुटी आहे, पाणी साधारण 250 लिटर, लाइव्ह रॉक (जीवाणू-शेवाळ वसलेले समुद्री दगड) भरपूर. तीन वर्षांपासून त्यात एक कोरल ब्युटी (छोट्या एंजल माशांची एक जात) आहे. दिवसभर दगडांवरचं शेवाळ टिपत फिरतो, काचेला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावली की पहिला हजर. आजवर कुणाच्या वाटेला गेला नव्हता.

दीड महिन्यापूर्वी फ्लेम एंजल, त्याच गटातला दुसरा मासा, आणला. वेगळ्या टँकमध्ये ठेवला, अंगावर रोगाचा ठिपका नाही, मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खातोय, हे पाहून शनिवारी सोडला. पाच मिनिटांत जुना पंख ताठ करून अंगावर धावला. रात्री टॉर्च मारून पाहिलं तर फ्लेम पंपामागे, शेपटीचा कोपरा फाटलेला. घाईत जाळीने काढायला गेलो, तर कल्ल्याच्या झाकणावरचा काटाच जाळीत अडकला. जाळी पाण्यात धरून एकेक धागा कात्रीने कापला. हात थरथरत होते.

आता तो त्याच टँकमध्ये भोकांच्या पारदर्शक डब्यात आहे. खातोय. पण जुना डब्यासमोरून हलत नाही. खारेपणा (सापेक्ष घनता) 1.025, तापमान 26, अमोनिया-नायट्राइट शून्य.

डब्यात किती दिवस ठेवू? दुकानदार म्हणतो कॉपर (तांब्याचं औषध) टाका. पण टँकमध्ये कोरल आणि कोळंबी आहेत, त्या मरतील. शिवाय फाटलेल्या शेपटीला कॉपरचा काय उपयोग? दोघांपैकी एकाला परत द्यायची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

उत्तर:

कॉपर टाकू नका. ते परजीवींसाठी असतं, आणि या छोट्या एंजलना ते फारसं सोसतही नाही. पाणी स्वच्छ राहिलं तर शेपटी आपोआप भरून येते. दिवस मोजू नका, जुन्याचं वागणं बघा. तो डब्याकडे लक्ष न देता चरायला लागेपर्यंत थांबा. नाहीच थांबला तर त्यालाच काढून आठ-दहा दिवस वेगळा ठेवा, तेवढ्यात फ्लेमला मोकळं सोडा आणि दगडांची मांडणी बदला. परत येईल तेव्हा नवखा तो असेल. पकडताना जाळी नको, तोंड कापून उलटं बसवलेली प्लास्टिकची बाटली आणि आत नोरी. इतकं करूनही मारामारी थांबली नाही तर मात्र एकाला दुसरं घर शोधा, 250 लिटरमध्ये पळायला जागा कमी पडते.

धागाकर्ता:

मनापासून आभार. दगडांवर झोआ (एक प्रकारचे मऊ पॉलिप) चिकटलेत, त्यामुळे मोठे दगड हलवणं अवघड आहे, पण डावीकडचे तीन सुटे आहेत. आणखी चार दिवस वाट पाहतो. बाटली आत्ताच कापून मिठाच्या पाण्यात भिजत घातली आहे.