शिकलो किती आणि नोकरी फुलटाइम की पार्टटाइम? – अनुभव लिहा

ऐरोलीची_सायली: काल ठाणे-वाशी लोकलला रबाळ्याला एक मुलगी चढली, मांडीवर सेटचं (कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षेचं) गाइड, पेन्सिलने खुणा चाललेल्या. पोटात कालवलंच एकदम. २०११ ला मी सेम. एमए, सेट आणि मग कॉलेजात तासिका तत्त्वावर. आठवड्याला जास्तीत जास्त ९ तास, पैसे घेतलेल्या तासाचेच, बिल सहा सहा महिने अडकलेलं आणि मे महिन्यात शून्य. धाकटा दीर दहावीनंतर आयटीआय फिटर, अप्रेंटिसशिप करून वागळे इस्टेटला परमनंट, पीएफ, कँटीन सगळं. आणि मला सासूबाई, "मॅडम आज पण घरीच?" तुमचंही लिहा.

माथाडीचा_पोर: सेम टू सेम! वडील सातवी. वाशीच्या मसाला मार्केटला माथाडी, बोर्डात नोंद म्हणून पीएफ बोनस रजा सगळं, १९६९ च्या माथाडी कायद्याची कृपा. मी बीकॉम, महाप्यात ११ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर, मग ब्रेक, मग परत तेच टेबल तीच खुर्ची. आईने लग्नाच्या बायोडाटात 'सर्व्हिस' लिहिलंय 😂

कळव्याची_काकू: उलटं पण होतं हो. मी बारावी, मुलं शाळेत गेल्यावर अर्धा दिवस काहीतरी बघत होते तर साधं फोन उचलायलाही ग्रॅज्युएट पाहिजे. शेवटी मुक्त विद्यापीठातून बीए केलं ३९ व्या वर्षी, पोळ्या लाटताना मुलगी धडा वाचून दाखवायची. आता सीएच्या ऑफिसात पूर्ण वेळ.

खारफुटी: काकू 🙏

निवांत_नेरूळ: सरकारी पीएलएफएसमध्ये (रोजगाराच्या पाहणीत) पण बेरोजगारीचा दर शिकलेल्यांत जास्त दिसतो, अशिक्षितांत कमी. कारण सरळ आहे, ज्याच्या घरात काहीच नाही तो नाक्यावर उभा राहतो, मिळेल ते काम करतो, वाट बघत बसणं त्याला परवडत नाही

खारफुटी: पण महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारे बघितले तर शिकलेलेच जास्त की. बाय द वे रबाळे स्टेशनबाहेरचा वडापाववाला कुठे गेला??

माथाडीचा_पोर: गावी गेलाय, गणपतीनंतर येतो म्हणाला

ऐरोलीची_सायली: काकू भारीच. दिराचं सांगायचं अर्धवट राहिलं, तो आता पोरीला इंजिनिअरिंगला घालतोय. म्हटलं आयटीआय का नाही, तर हात पुढे केला, उजव्या तर्जनीला नखच नाही. "वहिनी, हे फुलटाइमचं." कुकर झाला, येते नंतर.

नवीन_आयडी: सेटची जुनी पुस्तकं आहेत का कुणाकडे? कोपरखैरणेला येऊन घेईन.