पगाराची स्लिप नसली तरी

वर कुणी लिहिलंय की रस्ता अपघातात गेलेल्या माणसाच्या पगाराची स्लिप नसेल तर भरपाईच्या दाव्यात हाती काही लागत नाही. हे पटलं नाही. माझा चुलतभाऊ गेला तेव्हा ना स्लिप, ना आयकर रिटर्न. गोठ्यात दोन म्हशी आणि खिशात राहून कडा विरलेलं डेअरीचं पुस्तक. वकिलांनी तेच पुरावा म्हणून लावलं. शिवाय सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार स्वतःचा धंदा करणारा चाळिशीच्या आतला असेल, तर उत्पन्नात पुढच्या वाढीपोटी ४० टक्के जास्त धरतात. विमा कंपनीच्या तडजोडीच्या पहिल्या आकड्यात हे नेमकं राहून जातं (आमच्या राहिलं होतं).

आणि अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालायची गरज नाही. वहिनी माहेरी राहत होती, तिथल्याच मोटार अपघात न्यायाधिकरणात अर्ज चालला.